अजून नाव सांगता येत नाही अशी माशी

काल रात्री साडेअकराला जर्नलला पेपर पाठवून दिला आणि मग झोपच येईना, म्हणून हे लिहायला बसले. पेपर एका माशीवर आहे. साधारण तीन मिलिमीटरची, युगांडाच्या किबाले जंगलात पडलेल्या अंजिरांवर बसणारी, आपण ज्यांना सरसकट चिलटं म्हणतो त्यातलीच एक. तिला आजवर कोणी नाव दिलेलं नव्हतं. आता आम्ही दिलंय, पण ते नाव मी इथे लिहिणार नाहीये, आणि का ते पुढे सांगते, त्यात काही गुपित वगैरे नाहीये, नियमच तसा आहे.

आधी ती दिसते कशी ते सांगू दे. नुसत्या डोळ्यांनी बघाल तर तांबूस ठिपका, हात हलवला की उडून जाणारा. पण मायक्रोस्कोपखाली ठेवा आणि लाइट जरा तिरका करा. लालबुंद डोळे, आणि दोन डोळ्यांच्या मधून निघून सरळ पाठीवरून मागेपर्यंत गेलेल्या रुपेरी पांढऱ्या रेघा, प्रत्येक रेघेला दोन्ही बाजूंनी काळी बारीक किनार. इतकं रेखीव काम की पहिल्यांदा बघणारा प्रत्येक माणूस "अरे!" म्हणतोच, मी अजून अपवाद बघितला नाही. या रेघांवरूनच कळतं की ही झॅप्रिओनस आहे, म्हणजे त्या जीनसमधली (जीनस म्हणजे जवळच्या जातींचा गट). ड्रोसोफिला, म्हणजे प्रयोगशाळांमधली ती फळमाशी, ज्या कुटुंबात येते तेच हिचं कुटुंब, आणि आफ्रिका हे या जीनसचं माहेर. आफ्रिकेतल्या झॅप्रिओनसच्या पाठीवर या रेघा सम संख्येत असतात, आणि पूर्वेकडे आशियात ज्या सापडतात त्यांच्यात विषम. का, ते विचारू नका, पण मोजायला बसलं की हटकून तसंच निघतं आणि मला दर वेळी तेवढाच आनंद होतो.

आता लोकांना वाटतं की नवीन जात सापडली म्हणजे जंगलात कुठेतरी पानाखाली ती दिसली आणि आम्ही ओरडलो. तसं काहीच झालं नाही हो. जंगलात ती माझ्या हातात आली तेव्हा मला पत्ताच नव्हता.

किबाले हे पश्चिम युगांडातलं जंगल, फोर्ट पोर्टल गावापासून जवळ. तिथे कन्यावारा नावाच्या जागी मकेरेरे युनिव्हर्सिटीचं फील्ड स्टेशन आहे, उंची जवळपास दीड हजार मीटर, त्यामुळे विषुववृत्ताजवळ असूनही सकाळी स्वेटर लागतो. बहुतेक लोक तिथे चिंपांझी बघायला येतात. आम्हीही चिंपांझींच्याच मागे होतो पण वेगळ्या कारणासाठी. चिंपांझी झाडावरची अंजिरं खातात तेव्हा तोंडात भरपूर कोंबून ओठांनी दाबून दाबून रस चोखतात आणि उरलेला चोथा खाली थुंकतात. तो चोथा माश्यांसाठी मेजवानी असते. चिंपांझी पुढे सरकेपर्यंत लांब थांबायचं, मग जाऊन त्या चोथ्यावर आणि खाली पडलेल्या अंजिरांवर जाळी फिरवायची आणि पूटर नावाच्या नळीनं एकेक माशी तोंडानं ओढून बाटलीत घ्यायची. (नळीत मध्ये जाळी असते, माशी तोंडात जात नाही, हा प्रश्न मला प्रत्येक जण विचारतो.)

आमच्याबरोबर स्टेशनवरचे एक वयस्कर गृहस्थ असायचे, सगळे त्यांना म्झे म्हणायचे, म्हणजे वयानं मोठ्या माणसाला आदरानं म्हणतात तसं. झाडाखाली अंजिरं पडलीयेत की नाही हे ते वासावरून सांगायचे, आपल्याला झाड दिसायच्या आधी. ट्रॅपमध्ये घालायला आम्ही बोगोया, म्हणजे तिकडची मोठी गोड केळी, कुस्करून त्यात यीस्ट टाकून ठेवायचो, तर त्यांचं मत असं की केळं आजचं नको, तीन दिवसांचं हवं. आम्ही दोन्ही करून बघितलं. तीन दिवसांच्या केळ्यात कितीतरी जास्त माश्या आल्या.

अंजिराबद्दल एक सांगायचंच आहे. मराठीत फारा दिवसांनी दिसणाऱ्या माणसाला आपण उंबराचं फूल म्हणतो, कारण उंबराचं फूल दिसतच नाही. ते दिसत नाही कारण ते फळाच्या आत असतं, ज्याला आपण फळ म्हणतो ती खरं तर आतून फुलांनी भरलेली पिशवी आहे. तिच्या तोंडाशी एक बारीक भोक असतं, त्यातून एवढीशी गांधीलमाशी आत घुसते आणि परागीभवन करते. आफ्रिकेतल्या अंजिरांवर लिसोसेफाला नावाच्या माश्या नेमक्या याच वेळी त्या भोकापाशी अंडी घालतात, आणि त्यांच्या अळ्या आत जाऊन गांधीलमाशीनं सोबत आणलेल्या यीस्ट आणि जिवाणूंवर वाढतात. मग फळ पिकून खाली पडलं, सडायला लागलं की आमच्या झॅप्रिओनसची पाळी. एकाच फळावर पाळीपाळीनं येणारी ही वेगवेगळी बिऱ्हाडं आहेत. आयव्हरी कोस्टमधल्या लाम्तो इथे डॅनियल लाशेझ या फ्रेंच संशोधकानं वर्षानुवर्षं माश्यांच्या मागे घालवली, आणि अंजिरातल्या माश्यांबद्दल आज आपल्याला जे माहीत आहे त्यातलं पुष्कळसं त्याच्या आणि त्याच्या सहकाऱ्यांच्या कामामुळे.

तर माश्या घेऊन आलो. चारशेच्या वर बाट्या, म्हणजे छोट्या बाटल्या. त्यानंतरचं पहिलं वर्ष नुसतं निवडण्यात गेलं, तांदूळ निवडतात तसं, हे इकडे ते तिकडे. आणि एका दुपारी एका बाटीतल्या माशीचा पुढचा पाय आडवा पडला आणि मांडीवरच्या काट्यांची रांग दिसली आणि मला वाटलं हे काहीतरी वेगळं आहे.

झॅप्रिओनसमध्ये पुढच्या पायाची मांडी फार महत्त्वाची. काहींच्या मांडीवर काटे असतात, काहींच्या नसतात, काहींच्यात एक टेंगूळ असतं आणि त्या टेंगळावर एक राठ केस, आणि काहींच्यात प्रत्येक काट्याच्या बुडाशी आणखी एक छोटा काटा फुटलेला असतो, जोडकाट्यासारखा. आमच्या माशीत जोडकाटे होते पण सगळीकडे नाही, पहिले दोन एकेरी आणि मग जोड. २०१० साली यासिन आणि डेव्हिड या दोघांनी आफ्रिकेतल्या सगळ्या झॅप्रिओनसचा आढावा घेतला होता, त्यात जात ओळखायची "की" (किल्ली) आहे, म्हणजे असं असेल तर इकडे जा तसं असेल तर तिकडे जा अशा पायऱ्या. मी उतरत गेले आणि एका पायरीवर दोन्ही पर्याय लागू होईनात.

इथे उड्या मारायच्या नसतात. माझ्या गाइडनी पहिल्या दिवशी सांगितलेलं वाक्य आहे, "नवीन आहे हा शेवटचा निष्कर्ष, आधीचे सगळे दरवाजे बंद झाल्यावरचा." आधीचे दरवाजे म्हणजे काय? माशी म्हातारी आहे का, केस झिजलेत का, अल्कोहोलमध्ये रंग उतरलाय का, ही नुसती एकटीच अशी आहे का, जुन्या कोणी आधीच नाव दिलंय आणि ते वर्णन आपल्या नजरेतून सुटलंय का. शेवटचं सगळ्यात अवघड. कारण एकाच जातीला दोन नावं पडली तर आधीचं नाव टिकतं आणि नंतरचं बाद होतं, प्राण्यांच्या बाबतीत हा हिशोब स्वीडिश निसर्गशास्त्रज्ञ लिनियसच्या १७५८ सालच्या यादीपासून सुरू होतो. आणि आधीचं नाव अर्थानं चुकीचं असलं तरी चालतं. झॅप्रिओनस इंडियानस घ्या. १९७० मध्ये गुप्ता यांनी भारतातल्या नमुन्यांवरून तिचं वर्णन केलं म्हणून इंडियानस, पण ती माशी मुळात आफ्रिकेची, भारतात बाहेरून आलेली. १९९९ मध्ये ती ब्राझीलमध्ये पोचली आणि तिथल्या अंजिराच्या बागांना तिनं नको नको करून सोडलं. आफ्रिकेची माशी, ब्राझीलमधली कीड, आणि नाव इंडियानस, आता ते तसंच राहणार.

म्हणून जुनी वर्णनं वाचायची. आणि इथे मला थोडं मनातलं बोलायचंय. काही जुनी वर्णनं इतकी सुंदर आहेत की वाचता वाचता माशी समोर उभी राहते. आणि काही अशी की चार ओळी, एकच मादी, "आधीच्या जातीसारखीच पण जरा लहान." एवढंच. लहान म्हणजे किती? कशापेक्षा? आणि मादीच का, जेव्हा या माश्यांमध्ये खरा फरक बहुतेक वेळा नरात दिसतो? त्या चार ओळींनी माझे सात महिने खाल्ले, कारण ती जात आमच्या माशीसारखी असू शकत होती आणि नसूही शकत होती, आणि ते ठरवायला मूळ नमुनाच बघावा लागला. लिहिणारा माणूस आता नाही, मी नाव घेणार नाही, त्याच्या काळात साधनंही कमी होती. पण राग आला होता हे खरं.

मूळ नमुना म्हणजे होलोटाइप. एखाद्या जातीचं नाव शेवटी एकाच मेलेल्या माशीला बांधलेलं असतं, वर्णन चुकलं, चित्र चुकलं तरी ती माशी बघून ठरवता येतं. आफ्रिकेतल्या या कुटुंबातले पुष्कळ होलोटाइप पॅरिसच्या नॅचरल हिस्टरी म्युझियममध्ये आहेत, कारण लिओनिदास त्साकास तिथे होते आणि त्यांनी आफ्रिकेतल्या जाती एकामागून एक वर्णन केल्या. ड्रोसोफिला टेसिएरी १९७१ मध्ये, एरेक्टा १९७४ मध्ये लाशेझबरोबर. मी तिथे चार दिवस बसले. ड्रॉवर उघडला की नॅप्थलीनसारखा वास येतो, टाचण्यांच्या रांगा, प्रत्येक टाचणीला खाली दोन तीन चिठ्ठ्या, होलोटाइपला लाल चिठ्ठी. पन्नास वर्षांपूर्वीच्या माशीच्या पायावरचे काटे मी मोजू शकले. एक पाय तुटलेला होता पण तो फेकलेला नव्हता, त्याच टाचणीवर छोट्या कार्डाला चिकटवून ठेवला होता. ते कार्ड बघून मला भरून आलं, कोणीतरी एवढी काळजी घेतली होती.

आणि माझ्या हातून काय झालं ते पण लिहिते. नराचं जननांग बघायचं तर पोटाचं टोक कापून कॉस्टिक पोटॅशच्या दहा टक्के द्रावणात ठेवतात, मऊ भाग विरघळतो आणि कडक भाग उरतात, मग ते ग्लिसरीनमध्ये घेऊन सुईनं एकेक भाग वेगळा करायचा. तो सगळा तुकडा मिठाच्या कणापेक्षा लहान. माझ्याकडे सात नर होते. दुसऱ्या नराचा तुकडा चिमट्यातून उडाला. टेबल, जमीन, माझी बाही, दोन तास बॅटरी घेऊन शोधलं, नाही सापडला. त्या नराच्या चिठ्ठीवर मी पेन्सिलनं "जननांग हरवलं" असं लिहिलं आणि तारीख घातली, पेपरमध्येही तसंच लिहिलंय. युगांडातून, परवानग्या काढून, कोणाच्या तरी जंगलातून आणलेला जीव होता तो. त्यानंतरच्या पाच नरांच्या वेळी मी श्वास सोडायलाही घाबरत होते.

पहिला धरून सहाच्या सहा सारखे निघाले. जननांगाच्या टोकाला करवतीसारखे दाते, ओळखीच्या जवळच्या जातीत ते कडेपर्यंत जातात आणि आमच्या माशीत अर्ध्यावर थांबतात. हा फरक लिहायला एक ओळ लागते, आणि खात्री व्हायला सहा नर आणि एक हिवाळा लागला.

डीएनए का नाही केलं असं विचारतात. केलं की. सीओआय नावाच्या जीनचा ६५८ अक्षरांचा तुकडा, ज्याला बारकोड म्हणतात. फरक दिसला, बरं वाटलं. पण नुसत्या त्याच्यावर मी विसंबणार नव्हते आणि याला कारण साओ टोमेची गोष्ट. साओ टोमे हे आफ्रिकेच्या पश्चिम किनाऱ्यापासून दूर समुद्रातलं बेट, त्यातला डोंगर २०२४ मीटर उंच. खालच्या भागात ड्रोसोफिला याकुबा राहते, जी आफ्रिकेत सगळीकडे आहे, आणि वर ओल्या जंगलात एक फिकट पिवळी माशी, पोटावर याकुबासारखा काळा रंग नाही. २००० साली लाशेझ आणि सहकाऱ्यांनी तिला ड्रोसोफिला सँटोमेया नाव दिलं. दोघी मधल्या पट्ट्यात भेटतात, कधीकधी संकरही होतो, आणि या देवाणघेवाणीमुळे दोघींचा मायटोकॉंड्रियाचा (पेशीतल्या ऊर्जा तयार करणाऱ्या भागाचा) डीएनए जवळजवळ सारखाच आहे. आणि बारकोडचा तुकडा नेमका मायटोकॉंड्रियातलाच असतो. म्हणजे नुसता बारकोड बघितला असता तर सँटोमेया कदाचित लक्षातच आली नसती. डोळ्यांनी बघणाऱ्याला लांबून दिसते.

बरं, "पण उपयोग काय" हाही प्रश्न येतो, घरातूनही येतो. याकुबाला १९५४ मध्ये आयव्हरी कोस्टच्या नमुन्यांवरून बुर्ला यांनी नाव दिलं तेव्हा तीही अशीच एक बिनकामाची चिलट होती. २००७ मध्ये बारा ड्रोसोफिलांचे जीनोम, म्हणजे संपूर्ण डीएनए, एकत्र प्रसिद्ध झाले त्यात याकुबा होती, एरेक्टा होती, सेशेल्समधली सेशेलिया होती. आज एक जात दोन कशी होते हे शिकायला जगभर या माश्या वापरतात. नाव नसतं तर कोणती माशी वापरतोय हेच सांगता आलं नसतं. पण मी खरं सांगू, हे उत्तर मी लोकांसाठी देते. माझ्या स्वतःसाठी ती किबालेत आहे, अंजिरं पडतात तेव्हा येते, पाठीवर रेघा आहेत, तेवढं पुरे आहे.

वर्णन लिहिणं हा प्रकार वेगळाच. भाषा तारेसारखी, क्रियापदं जवळपास नाहीत. डोकं असं, डोळे असे, पंखाच्या शिरांचं गुणोत्तर एवढं. प्रत्येक शब्दापाशी मला ते "जरा लहान" आठवायचं आणि मी परत मोजायला जायचे. फोटो एकच दिसतो पण तो चाळीस फोटो वेगवेगळ्या फोकसवर काढून जोडलेला असतो, आणि तरीसुद्धा जननांगाचं चित्र हातानं काढावंच लागतं, कारण फोटो सगळंच दाखवतो आणि चित्रात काय बघायचं ते कळतं.

नावाचं आता सांगते. नाव रीतसर प्रसिद्ध झालेल्या कामात, वर्णन आणि होलोटाइपसकट यावं लागतं. २०१२ पासून ऑनलाइन जर्नल चालतं, पण झूबँकमध्ये, म्हणजे प्राण्यांच्या नावांच्या अधिकृत नोंदवहीत, नोंदणी हवी. मी इथे नुसतं लिहून टाकलं तर ते वर्णनाशिवायचं उघडं नाव होईल, त्याला काही किंमत नसते आणि वर गोंधळ. एवढं सांगू शकते की झॅप्रिओनस हा शब्द लॅटिन व्याकरणात पुल्लिंगी धरतात, त्यामुळे विशेषण लावायचं तर तेही पुल्लिंगी लागतं, आणि यावर माझी आणि कंपालातल्या माझ्या सहलेखिकेची तीन आठवडे ईमेलवर ईमेल चालले. नाव तिनं सुचवलंय. माझ्या डोक्यात जे होतं त्यापेक्षा कितीतरी चांगलं.

होलोटाइप कुठे ठेवायचा यावर मात्र दोघींचं पहिल्या दिवसापासून एकमत. युगांडात. जंगलात काम करायचं तर युगांडा वाइल्डलाइफ अथॉरिटीची परवानगी, संशोधनासाठी तिथल्या नॅशनल काउन्सिल फॉर सायन्स अँड टेक्नॉलॉजीची परवानगी, आणि २०१४ पासून लागू झालेल्या नागोया करारानं नमुन्यांवर त्या देशाचा हक्क मान्य केलाय. पण कागद बाजूला ठेवा. माझ्या सहलेखिकेला स्वतःच्या देशातल्या माशीचा होलोटाइप बघायला आजवर दर वेळी व्हिसा काढावा लागला, बँकेचे कागद दाखवावे लागले, एकदा तो नाकारलाही गेला. ही माशी बघायला तिला बस लागेल.

आता रिव्ह्यू यायला काही महिने जातील. काल पेपर पाठवल्यावर मी होलोटाइपची डबी एकदा उघडून बघितली. टाचणीवर माशी, तिच्या खाली ग्लिसरीनच्या इवल्याशा नळीत तिचं जननांग, त्याखाली चिठ्ठी: युगांडा, किबाले, कन्यावारा, पडलेलं अंजीर. लाल चिठ्ठी अजून लावलेली नाही, ती पेपर स्वीकारला की. त्याच ट्रेमध्ये कडेला आणखी एक बाटी आहे, तिच्यात दोन माद्या आहेत, मांडीवर टेंगूळ आहे पण टेंगळावरचा केस नको तिथे आहे. नर एकही नाही. बाटीवर पेन्सिलनं "नर?" लिहून ठेवलंय. मार्चमध्ये किबालेत पाऊस सुरू होतो, म्झेंना निरोप धाडलाय की केळी आधीच घेऊन ठेवा.